वजनाच्या बायपासची तारीख ठरली, दसरा झाल्यावर. घरात कुणाकुणाला सांगू?

रंकाळ्याची_सांज

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३८, उंची १६२ सेंमी, वजन ११८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४५ च्या घरात जातो. शुगर सुरू होऊन सहा वर्षं झाली, दोन गोळ्यांच्या तीन झाल्या तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ९ च्या खाली यायचं नाव नाही. ॲसिडिटी कायमची. स्लीप स्टडी केली त्यात झोपेत श्वास थांबतो असं निघालं, आता रात्री तोंडावर मशीन लावून झोपते. जोतिबाला गेलं की घरचे सगळे पायऱ्या उतरून देवळात जातात आणि मी वर गाडीजवळ चपला सांभाळत बसते, "गुडघा दुखतोय" म्हणून. गेली चार वर्षं तिथूनच हात जोडते.

सगळं करून झालंय हो. रंकाळ्याला फेऱ्या, जिम, दोन डाएटिशियन, एकदा १४ किलो उतरवलेलं ते दीड वर्षात १७ होऊन परत आलं. आता सर्जननी बायपास सुचवलीय. स्लीव्हमध्ये (त्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात) ॲसिडिटी वाढू शकते आणि माझी शुगर पण आहे म्हणून बायपास बरी असं त्यांनी चित्र काढून समजावलं. जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून तो खाली आतड्याला जोडायचा. तारीख कोजागिरीच्या सुमाराची मिळालीय.

हे माहीत आहे फक्त नवऱ्याला आणि सांगलीच्या बहिणीला.

आमचं घर शिवाजी पेठेत, एकत्र. सासूबाई, सासरे, दीर-जाऊ, चार पोरं, स्वयंपाक एकाच गॅसवर. दीर रोज पहाटे तालमीत जातात, माझ्या वजनावर त्यांचं एकच उत्तर, वहिनी घाम गाळा. वाईट मनानं नाही म्हणत ते, पण म्हणतात. आणि आमच्याच गल्लीतल्या एका बाईंनी दोन वर्षांमागं हेच ऑपरेशन केलं होतं. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला त्यांचा विषय निघाला आणि एक जण म्हणाली, "जिभेवर ताबा न्हाई म्हणून पोट कापून घेतलं बाई." सगळ्या हसल्या. मी पण तिथंच होते, हातात तिळगुळाची वाटी. कुणी माझ्याकडं बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही, ते मला जास्त लागलं. तेव्हाच मनात धरलं की आपण केलं तर कुणाला सांगायचं नाही.

आई कागलला असते, तिला बीपी आहे, माझी मावशी एका साध्या ऑपरेशननंतर गेली तेव्हापासून आई ऑपरेशन शब्द ऐकला तरी थरथरते.

मी ठरवलंय ते असं. ऑपरेशनच्या आधी १४ दिवस लिक्विड डाएट आहे. ते नेमकं नवरात्राच्या सुरुवातीपासून येतंय. म्हणजे नऊ दिवस "मी यंदा कडक उपवास धरलाय" म्हणून निघून जातील, पुढचे चार-पाच दिवस पोट बिघडलंय म्हणेन. ॲडमिट व्हायच्या वेळी पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन आहे म्हणून सांगायचं. ऑफिसात (पतसंस्थेत आहे मी) तीन आठवडे रजा, तिथंही तेच.

नवरा म्हणतो तू म्हणशील तसं, पण त्याचा चेहरा काही पटल्यासारखा दिसत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, तुम्ही कुणाला सांगितलं होतं? नाही सांगितलं तर निभावतं का?

फौंड्रीवाला_शिरोली

ताई, मी न सांगितलेला माणूस आहे, म्हणून आधी माझं ऐका.

माझी स्लीव्ह झाली त्याला आता दोन वर्षं होत आली. १३४ होतो, आज ८९. बायकोला सोडून कुणाला पत्ता नव्हता. भावांना, कंपनीत, सासरवाडीला सगळीकडं हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. माझं कारण तुमच्यासारखंच, कंपनीत पोरं काय म्हणतील, सुपरवायझर साहेब जेवणापुढं हरले. लाज वाटायची, खरं सांगतो.

पहिले दोन महिने काही अडचण आली नाही, हर्निया म्हणल्यावर लोक पण हळू जेवा म्हणतातच. तिसऱ्या महिन्यात मेव्हण्याच्या पोराचं जावळ होतं. आता आपल्याकडचं जावळ म्हणजे तुम्हाला सांगायला नको, मांडव, पंगत, तांबडा, पांढरा, सुकं, आणि वाढपी कोण तर घरचीच माणसं. मी ताटात दोन घास घेऊन हळूहळू चावत बसलेलो. तेवढ्यात मेव्हण्याचा थोरला भाऊ आला, "दाजी हात आखडू नका, आमच्यात येऊन उपाशी उठायचं न्हाई" म्हणून पळीभर मटण वाढून समोरच उभा राहिला. सगळी पंगत बघायला लागली. मी तीन घास गडबडीनं, न चावता गिळले, नुसतं तो पुढं जावा म्हणून.

तिसरा घास छातीच्या मागं अडकला. खाली जाईना, वर येईना, तोंडाला नुसती लाळ सुटली, फेसासारखी. मांडवाच्या मागं जाऊन बसलो तर दरदरून घाम. लोकांना वाटलं हार्ट अटॅक आला. चौघांनी उचलून जीपमध्ये घातलं, जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं पहिला प्रश्न काय तर किती प्यालाय. तिथं सगळ्या पाहुण्यांसमोर बायकोला सांगावं लागलं की ह्यांचं पोटाचं ऑपरेशन झालंय, वजनाचं. घास नंतर आपोआप उलटून पडला, मला काही झालं नाही. पण मेव्हणा सहा महिने बोलला नाही. त्याचा राग ऑपरेशनचा नव्हताच. तो म्हणाला, माझ्या मांडवात तुम्हाला काय झालं असतं तर मी बहिणीला काय तोंड दाखवलं असतं, मला एक शब्द सांगितला असता तर मी स्वतः तुमच्या ताटाजवळ बसलो असतो.

तेव्हापासून माझा हिशोब सरळ आहे, जो आपल्या ताटात वाढतो त्याला माहीत पाहिजे. गल्लीला नको, हळदी-कुंकवाला नको, पण तुमच्या सासूबाई आणि जाऊबाई रोज वाढणार आहेत तुम्हाला. एका गॅसवरच्या घरात हे लपत नाही ताई.

आणि दिरांचं म्हणाल तर तालमीतला माणूस खुराकाचं गणित आपल्यापेक्षा जास्त जाणतो. प्रोटीन किती, कशातून, हे त्यांना विचारा. माझा धाकटा भाऊ पैलवानकी केलेला, त्याला कळल्यावर तोच मला अंड्याचा पांढरा बलक मोजून द्यायला लागला.

मंगळवार_पेठ_११

ऑपरेशनच कशाला पण? आता इंजेक्शनं आलीत की, मौंजारो, वेगोवी. आठवड्याला एक टोचायचं, कापाकापी नाही, कुणाला सांगायचं पण टेन्शन नाही. माझ्या मित्राचं ११ किलो उतरलं. एकदा विचार करा एवढंच, राग मानू नका.

रंकाळ्याची_सांज

राग नाही दादा, चांगल्या मनानं सांगितलंत. यातलं एक मी घेतलंय चार महिने. ७ किलो उतरलं, मळमळ खूप व्हायची आणि दर महिन्याचा खर्च पोरांच्या फीच्या वर जायला लागला. थांबवल्यावर तीन महिन्यात भूक होती तशी परत. डॉक्टर म्हणाले ज्यांना चालतं त्यांना उत्तम आहे, पण थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, आणि तुमच्या बीएमआयला, शुगरला ऑपरेशनचा उपयोग जास्त. हे सगळं बघूनच ठरवलंय.

फौंड्रीवाले दादा, तुमचं वाचून काल रात्री झोप नाही लागली. जावळाचं वाचताना मला आमच्या सासूबाईच दिसत होत्या. त्या पण उभं राहून वाढतात.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, मी अशाच वॉर्डात नर्स आहे, बारा वर्षं झाली. कुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण तुमच्या प्लॅनमधल्या दोन गोष्टी वाचून मी जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलेय.

पहिली म्हणजे तो उपवास. लिक्विड डाएट आणि नवरात्राचा उपवास हे एक नाही हो. लिक्विड डाएट कशासाठी असतं तर लिव्हर लहान व्हावं म्हणून. वजन जास्त असलं की बहुतेकांच्या लिव्हरमध्ये चरबी असते, ते मोठं आणि जड होतं, आणि जठर नेमकं त्याच्या खाली. सर्जनला दुर्बिणीतून काम करताना ते लिव्हर उचलून धरावं लागतं. दोन आठवडे पिष्ट आणि चरबी कमी, प्रोटीन जास्त असं घेतलं की ते आकसतं, मऊ होतं, जागा मिळते. आता उपवासाला आपण काय खातो? साबुदाणा, वरी, रताळं, बटाटा, शेंगदाण्याची आमटी, खजूर. म्हणजे जे टाळायचं तेच. आणि सासूबाईंनी प्रेमानं केलेली खिचडी उपवासाचं नाव सांगून तुम्ही नाकारणार कशी? एका पेशंटनी गुपचूप असंच केलेलं, टेबलवर घेतल्यावर लिव्हर एवढं मोठं की सर्जननी ऑपरेशन न करताच बाहेर काढलं आणि पुढची तारीख दिली.

आणि शुगरच्या तीन गोळ्या! खाणं एवढं कमी झाल्यावर डोस तोच ठेवला तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर विशेषच. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा त्या जातीची असेल तर त्याचा वेगळा धोका, शुगर नॉर्मल दिसत असताना अंगात ॲसिड वाढतं, म्हणून ती ऑपरेशनच्या काही दिवस आधीच बंद करतात. कुठली, कधी, किती हे तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा, घटस्थापनेच्या दिवशी नाही. दुपारी घरात एकट्या असताना तुम्हाला घाम फुटून हात थरथरायला लागले तर जाऊबाईंना माहीत नको का की उपवासानं चक्कर आली नाही, शुगर उतरलीय?

दुसरी गोष्ट ते पित्ताशयाचं नाव. घरी आल्यावरचे पहिले दहा-पंधरा दिवस सगळ्यात जपायचे. जोडलेल्या जागेतून गळती होणं हे क्वचित होतं पण होतं. ताप, नाडी धावणं, श्वास लागणं, डाव्या खांद्यात दुखणं, पाण्याचा घोट पण न टिकणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला फोन करायचा असतो. घरच्यांना वाटत असेल खड्यांचं ऑपरेशन झालंय तर ते काय करतील? गॅस धरला म्हणून ओवा चावायला देतील, पोटाला हिंग लावतील, सकाळी बघू म्हणतील. मी असे सकाळी आलेले पेशंट बघितलेत. तुमचा नवरा रात्रपाळीला किंवा बाहेर असेल त्या दिवशी घरात कोण आहे, त्या माणसाला खरं माहीत पाहिजे. एवढंच माझं म्हणणं.

आणि दवाखान्यात मात्र काहीच लपवू नका. मिश्री लावत असाल तर सांगा. आपल्याकडं बायका तंबाखू खाता का विचारलं की नाही म्हणतात आणि सकाळी उठून मिश्री लावतात, ती पण तंबाखूच आहे, जखम न भरायला आणि अल्सर व्हायला तीच कारण होते, निदान सहा आठवडे आधी बंद पाहिजे. तुमचं वाचून वाटत नाही पण विचारून ठेवते. गर्भनिरोधक गोळ्या, ॲस्पिरिन, कुठला काढा-चूर्ण, आणि ते इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, त्यानं पोट उशिरा रिकामं होतं. झोपेचं मशीन ॲडमिट होताना सोबत आणा, बरेच जण घरी विसरतात. आणि तीन बॉलचं श्वास आत ओढायचं यंत्र दिलं असेल तर आजपासून सुरू करा, नंतर पोटावर टाके असताना शिकायला जड जातं.

गडहिंग्लजची_सून

माझी बायपास २०१९ ला झाली, तुमच्याच वयाची होते. मी थोडं उलटं सांगणार आहे, कारण मी सगळ्यांना सांगितलं होतं.

एवढा आनंद झालेला की तारीख मिळाल्या मिळाल्या नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलं. आधी सगळे छान म्हणाले. मग ऑपरेशन झाल्यावर जो भेटेल तो पहिला प्रश्न, किती उतरलं? भाजीवाली, शाळेच्या गेटवरच्या आया, नवऱ्याचे मित्र सुद्धा. चौथ्या-पाचव्या महिन्यात माझा काटा पाच आठवडे एका जागी थांबला, असं होतंच सगळ्यांचं, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं आणि रोज कुणीतरी विचारणार. त्याच वेळी केस गळायला लागले, विंचरलं की कंगव्यात पुंजके. ते पण तीन ते सहा महिन्यांत होतं आणि परत येतात, माझे आले. पण लग्नात एक बाई सरळ माझ्या डोक्याकडं बघून म्हणाल्या, बघा ऑपरेशनचे परिणाम. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही ताई. ज्यांना सांगाल त्यांना पुढची दोन वर्षं उत्तर द्यायची तयारी ठेवून सांगा.

म्हणून घरात सांगा, सिस्टर म्हणतात ते सोळा आणे खरं आहे, पण गल्लीचं देणं काही लागत नाही तुम्ही. मी आज परत केलं तर गल्लीत "पोटाचं ऑपरेशन आहे, शुगरसाठी" एवढंच सांगेन. यात खोटं काहीच नाही. खोटं नाव दिलं की ते लक्षात ठेवावं लागतं, वर्षभरानं कुणी विचारतं खडे किती मोठे होते हो, आणि आपण गप्प.

ऑफिसचं बघा, मेडिक्लेम ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून आहे का तुमचं? असेल तर कागद मॅनेजरच्या टेबलावरून जाणार, त्यावर ऑपरेशनचं नाव असणार. पॉलिसीत वजनाच्या ऑपरेशनची अट वाचून घ्या, साधारण बीएमआय ४० च्या वर किंवा ३५ च्या वर आणि सोबत ठराविक गंभीर आजार, असं असलं तरच देतात, आणि काही वर्षांचा वेटिंग पिरियड असू शकतो. तुमचा बीएमआय ४५ आहे म्हणजे अटीत बसता, पण आधीचे डाएटचे, शुगरचे, स्लीप स्टडीचे सगळे कागद जोडा, आधी दुसरे उपाय करून बघितलेत हे दाखवावं लागतं. मी मॅनेजर सरांना एकट्यात सांगितलं आणि स्पष्ट म्हणाले, सर हे माझ्याकडून बाहेर गेलेलं नाही एवढं ध्यानात असू द्या. त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

पोरांना काय सांगणार आहात ते तुम्ही लिहिलंच नाहीत. माझा मुलगा तेव्हा नऊचा. आम्ही त्याला आई मामाकडं चाललीय सांगितलेलं. चौथ्या दिवशी मी घरी आले तर तो जवळच येईना. नंतर कळलं, त्यानं बाथरूममध्ये ड्रेसिंगचं पाकीट बघितलेलं आणि शाळेत मित्राला सांगितलं होतं की माझ्या आईला कॅन्सर झालाय, घरात कुणी सांगत नाही. नऊ वर्षाचं पोर चार दिवस हे मनात घेऊन डबा खात होतं. मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं. तुमची पोरं मोठी असतील तर साधं सांगा, आईची शुगर कमी व्हावी म्हणून डॉक्टर पोट लहान करणारेत, तीन दिवसात परत येणार, महिना दीड महिना तुला उचलून घेणार नाही आणि पाण्याची बादली पण उचलणार नाही.

बादलीवरून आठवलं, सकाळी पाणी आल्यावर तुमच्यात कोण भरतं? ते काम आधीच कुणाकडं तरी द्या. दोन आठवड्यात बरं वाटायला लागतं आणि बाई उठून घागर उचलते.

आणि एक, गावातल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि दाताच्या डॉक्टरांना नक्की सांगा. बायपासनंतर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या चालत नाहीत, जोडलेल्या जागी अल्सर होतो. मी पर्समध्ये एक कार्ड ठेवलंय त्यावर लिहून. बी १२, लोह, कॅल्शियम, डी हे आयुष्यभर, ते कुणाला सांगायची गरज नाही पण चुकवायचं नाही.

फौंड्रीवाला_शिरोली

वरच्या ताईंचं पटलं. मी चिडून सगळ्यांना सांगा म्हणालो असेन तर तसं नव्हतं म्हणायचं. केसाचं मला पण झालेलं, मी टोपी घालून ड्युटी केली.

रंकाळ्याची_सांज

परवा घटस्थापना. चार दिवस इथं आले नाही, काय काय झालं ते सांगते.

सिस्टर, तुमचं वाचल्यावर दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना फोन केला. माझ्या तीनपैकी एक ग्लिमेपिराइडच होती. ती लिक्विड डाएटच्या पहिल्या दिवसापासून बंद, दुसरी ऑपरेशनच्या आधी चार दिवस बंद, मेटफॉर्मिन चालू, आणि दिवसातून चार वेळा बोटाला टोचून शुगर बघायची. हे मी विचारलंच नसतं. मिश्री मी लावत नाही पण सासूबाई लावतात.

आता सासूबाईंचं. मी ठरवून, शब्द जुळवून त्यांच्याकडं गेले. दुपारची वेळ, जाऊ शाळेतून पोरांना आणायला गेलेली, सासूबाई घटाखाली घालायची काळी माती चाळत बसलेल्या परातीत. मी म्हणलं, आई, मला जरा बोलायचंय. त्यांनी चाळणी खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "मला ठावं हाय. तुझी बायपास हाय न्हवं."

मला कळेचना काय बोलावं. मग हळूहळू उलगडलं. पंधरा दिवसांमागं मी गच्चीवर बहिणीशी फोनवर बोलत होते, बायपासची तारीख मिळाली म्हणून, ते त्यांनी जिन्यात ऐकलेलं. आणि बायपास म्हणजे त्यांच्या लेखी एकच, हृदयाची. त्यांच्या थोरल्या भावाची झालेली. गेले पंधरा दिवस त्या धरून चाललेल्या की सुनेच्या काळजाला झालंय, ३८ व्या वर्षी, आणि पोरं आपल्याला म्हातारीला घाबरून सांगत नाहीत. आणि त्या पण मला विचारत नव्हत्या, मला वाईट वाटेल म्हणून. मला आठवलं तेव्हा, पंधरा दिवस त्या मला जिन्यावरनं खाली पाठवत नव्हत्या, दुधाचं भांडं स्वतः घेऊन जायच्या कट्ट्यावर. मला वाटलेलं माझ्यावर रुसल्यात. अंबाबाईला त्यांनी खणा-नारळाची ओटी बोललेली आणि दसऱ्यापर्यंत चप्पल न घालता देवळाला चालत जायला पण सुरुवात केलेली. टाचेला भेग पडलेली मी त्या दिवशी बघितली, मातीनं भरलेली.

मी त्यांना जमिनीवरच खडूनं काढून दाखवलं, हे जठर, हे आतडं, असं तोडून असं जोडायचं. काळजाला काही नाही. त्या बराच वेळ चित्राकडं बघत बसल्या आणि मग रडल्या. पोट कापून घेणार म्हणून नाही हं, काळीज नाही म्हणून. मग डोळे पुसून पहिला प्रश्न काय, "मग खायचं काय तू? वरनाचं पाणी चालतंय का?" चालतंय म्हणलं. "ताक?" चालतं, बिनलोण्याचं. म्हणाल्या, "मग उपासाचं नाटक कशाला, तू उपास करू नको, तुझा मी धरतो. पोरांचं मी बघतो, तू दवाखान्याचं बघ."

हळदी-कुंकवाचं पण सांगितलं मी त्यांना, त्या वाक्याचं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, मी बी हसलो असंन तवा. मला माहीत होतं त्या हसल्या होत्या, पण त्यांनी स्वतः म्हणावं असं वाटलं नव्हतं.

जाऊबाईला त्यांनीच सांगितलं संध्याकाळी. दीर रात्री जेवताना काही बोलले नाहीत, पण काल तालमीतून येताना व्हे प्रोटीनचा डबा आणला आणि ओट्यावर ठेवून गेले. तो आमच्या डाएटिशियननी सांगितलेल्यातलाच निघाला. मुलाला (तो ११ चा आहे) गडहिंग्लजच्या ताईंनी सांगितलं तसंच सांगितलं, त्यानं विचारलं मग तू जोतिबाला खाली देवळात येणार का, मी म्हणलं पुढच्या चैत्रापर्यंत बघू.

मॅनेजर सरांना सोमवारी सांगणार, कागद जमवतेय. गल्लीत काही नाही, कुणी विचारलं तर शुगरसाठी पोटाचं ऑपरेशन.

राहिली आई. रविवारी कागलला जातेय आणि सोबत सासूबाई येतो म्हणाल्यात. मावशीचं झालं तेव्हा काय काय चुकलं होतं ते आईच्या मनातून कधी निघालंच नाही, त्यामुळं तिला चित्र काढून पटणार नाही हे मला माहीत आहे. पण तिला बायपास हा शब्द दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. ऑपरेशननंतर पाणी घोट-घोट प्यायचं म्हणजे नक्की किती? सासूबाई विचारतायत, त्यांना माप पाहिजे.

वॉर्डातली_सिस्टर

औषधाच्या बाटलीवर मापाचं प्लास्टिकचं टोपण असतं ना, त्यानं मोजून ३० मिली. सुरुवातीला ते ३० मिली पंधरा-वीस मिनिटं पुरवायचं, एकदम घशात ओतायचं नाही. मग डॉक्टर सांगतील तसं वाढवायचं. जेवण घ्यायला लागलात की पाणी आणि जेवण एकत्र नाही, मध्ये अर्धा तास. सासूबाईंना सांगा दोन-तीन टोपणं धुऊन ठेवा, एक हरवतंच. आणि त्यांच्या टाचेच्या भेगेला काहीतरी लावा आधी, शुगर त्यांना पण असेल तर तपासून घ्या.

रंकाळ्याची_सांज

त्यांना आहे, गोळी चालू आहे. उद्या दोघी मिळून जातो दवाखान्यात, टाच दाखवायला. टोपणं तीन निघाली घरात, त्यांनी उकळत्या पाण्यात टाकलीत.